हॉर्न ऐकलेला माणूस

१

इस्लामपूर-आष्टा रस्त्यावर नऊ मेंढरं मरून पडली होती, दहावं पाय झाडत होतं, आणि त्यांच्या पुढं उसानं भरलेला ट्रक सरळ उभा होता. मी सायकलवरून पोचलो तेव्हा ज्याची मेंढरं त्या धुळा धनगराला जीपमध्ये घालून लोकांनी सांगलीच्या दवाखान्यात नेलंही होतं. शुक्रवारची सकाळ, जानेवारी एकोणीसशे पंचाहत्तर, कारखान्याचा हंगाम ऐन भरात.

मी जोतीराम, जमादार. मूळचा साताऱ्याचा, रिटायर व्हायला चार महिने उरलेले. त्यात त्या आठवड्यात माझा उजवा कान असा ठणकत होता की कुणी नुसतं 'जमादार' म्हटलं तरी अंगावर धावून जावंसं वाटायचं. खाणावळीतल्या मावशींनी लसूण कढवलेलं तेल कानात घातलं होतं, वर कापसाचा जाड बोळा कोंबला होता आणि सोमवारपर्यंत काढलास तर जेवायला येऊ नकोस म्हणून दम दिला होता. तर असा मी, बोळेवाला तपास अधिकारी.

ट्रकच्या पायरीवर ड्रायव्हर नाथाजी बसला होता. पंचेचाळिशीचा गडी, फौजेतून आलेला, मिशी अजून परेडला निघाल्यासारखी.

"पंधरा वर्सं फौजेत गाडी हाकली, जमादार," तो म्हणाला. "लडाख बघितलं, नेफा बघितलं. एक कोंबडी चिरडली न्हाई."

"आणि आज दहा मेंढरं आणि एक माणूस?"

"मी हॉर्न दिला. तीनदा दिला."

"तीनदा देऊन काय होतंय? मंगळवारी हॉटेलात वीस माणसांसमोर काय बोललास ते आधी सांग."

त्यानं मान खाली घातली. मंगळवारी धुळाची मेंढरं नाथाजीच्या भावाच्या उसात शिरली होती. चहाच्या हॉटेलात दोघांची जुंपली आणि हा बहाद्दर म्हणाला, "पुन्यांदा रस्त्यात दिसलास तर चाकाखाली घालीन." आणि शुक्रवारी घातलं. आता याला कुठला वकील वाचवणार?

"रागाच्या भरात बोललो," नाथाजी म्हणाला. "पर एक सांगू? त्यानं हॉर्न ऐकला. मान वळवून बघितलं. आन मग बाजूला व्हायचं सोडून माझ्याच म्होरं आला. चांगला दोन पावलं चालत आला."

२

आमचे फौजदार हुशार माणूस, पण घाईचे. "जमादार, धमकी आहे, साक्षीदार आहेत, जखमी आहे. खुनाचा प्रयत्न. सोमवारी कागद कोर्टात जातील. तोपर्यंत जखमीचा जबाब आणा." एवढं बोलून ते दुसऱ्या फायलीकडं वळले. नाथाजी कोठडीत गेला. गुन्हा शाबीत झाला तर किमान पाच-सात वर्षं आत, आणि लायसन कायमचं गेलं. स्टिअरिंगशिवाय दुसरं काही न येणारा माणूस तो, बाहेर येऊन करणार काय?

शनिवारी सकाळी मी सांगलीला दवाखान्यात गेलो. धुळाची कॉट कोपऱ्यात होती. सगळ्या रोग्यांची डोकी एका बाजूला आणि याचं एकट्याचं दुसऱ्या बाजूला, म्हणजे उशी पायथ्याशी.

"हे काय?" मी नर्सबाईंना विचारलं.

"हट्ट," त्या वैतागून म्हणाल्या. "शुद्धीवर आल्यापासून एकच. मला फिरवा, तोंड तिकडं नको. पाय मोडलाय, पण हट्ट मोडत नाही. शेवटी फिरवला बाई."

धुळा चाळिशीचा, हाडापेरानं मजबूत. उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. मी कॉट आणि भिंतीमधल्या फटीत उभा राहून 'काय धुळाबा' म्हटलं तर हा दाराकडं बघायला लागला. मी मनात म्हटलं, पोलिसाला बघून तोंड फिरवतोय, काहीतरी लपवतोय नक्की. मग समोर स्टूल घेऊन बसलो.

"सांग बाबा. काय झालं?"

"साहेब, मी कळप घेऊन कडंकडंनं चाललो हुतो. डाव्या अंगाला ऊस. त्यात बैलगाडीची वाट हाय, बघा. त्या वाटेनं टरक आला. हॉर्न वाजवत आला. मी बघितलं, म्हटलं हा उसातनं अंगावर येतोय, म्हणून उजवीकडं सरकलो. पुढचं काय ठावं न्हाई."

"टरक बघितलास?"

तो जरा घुटमळला. "आवाज ऐकला की. डावीकडनंच आला. बिरोबाची आण."

शपथ घेताना त्याचा आवाज कापला नाही. खोटं बोलणारी माणसं मी पस्तीस वर्षं बघितलीत. ती शपथ आधी घेतात, हा शेवटी घेत होता.

निघताना नर्सबाईंनी कपड्यांचं गाठोडं दिलं. रक्तानं भरलेलं धोतर, घोंगडं आणि बंडी. बंडी मी उलगडली आणि बघतच राहिलो. ती उलटी होती. शिवणी बाहेर, खिसा आत.

"तुम्ही काढताना उलटली का?"

"आम्ही कापून काढली," नर्सबाई म्हणाल्या. "घातलीच होती उलटी."

मोठा माणूस दिवसाढवळ्या बंडी उलटी घालून रस्त्यानं कशाला जाईल? कुणी घाईत घातली त्याच्या अंगात? म्हणजे त्याआधी कुणी काढली? विचार करकरून डोक्याचा भुगा झाला. त्यात दारापर्यंत पोचल्यावर आणखी एक गोष्ट सुचली आणि मी तिथंच थबकलो. ट्रक डावीकडून आला असेल, तर मोडलेला पाय उजवा कसा?

३

दुपारी परत रस्त्यावर. धुळानं सांगितलेली उसातली वाट खरंच होती. पण तिच्या तोंडावर अपघाताच्या आदल्या दिवशीच पाण्याचा पाट फुटलेला, घोटाभर चिखल. त्यात बगळ्यांच्या पायांचे ठसे होते आणि एक म्हैस गेली होती. ट्रक सोडा, सायकलसुद्धा तिथून आलेली नव्हती.

म्हणजे धुळा खोटं बोलत होता. बिरोबाची आण घेऊन.

वाटेपलीकडं साळूबाई नावाची बाई भांगलण करत होती. शुक्रवारीही ती तिथंच होती. मी बांधावर टेकलो.

"मावशी, तुम्ही बघितलं?"

"व्हय की. डोळं न्हाईत का मला?"

"ट्रक कुठनं आला?"

"कुठनं म्हंजे? सडकेनं. पाठीमागनं. येवढा मोठा हॉर्न, माझी म्हस दावं तोडाय लागली."

"आणि धुळानं काय केलं?"

साळूबाईनं खुरपं खाली ठेवलं. "त्येच तर मला कळंना झालंय, दादा. रातीला झोप न्हाई. त्यानं हॉर्न ऐकला. आन माझ्याकडं बघितलं. हिकडं, उसाकडं. असं डोळं फाडून बघितलं जणू माझ्या मागं वाघ उभा हाय. मग मान तशीच हिकडं ठिवून आडवा सरकला, टरकाच्या म्होरं, आन त्याच्या मागनं मेंढरं बी. मी वरडले, 'आरं मागं बघ'. तवर झालं हुतं."

"ट्रकनं वाट सोडली का? त्याच्या अंगावर घातला का?"

"न्हाई. सरळ हुता. पर थांबला बी न्हाई येळंत."

बघा आता. ड्रायव्हर म्हणतो मागून आलो, बाई म्हणते मागून आला, चिखल म्हणतो मागून आला. जखमी म्हणतो डावीकडून. तो खोटं बोलत असेल तर नाथाजीला अडकवायला बोलतोय, आणि त्यासाठी स्वतःचा पाय मोडून घेतला? असला सूड कोण उगवतो? बरं, जीव द्यायचा होता म्हणावं तर मग 'अंगावर येतोय म्हणून सरकलो' कशाला सांगेल? तिन्ही बाजूंनी धरून बघितलं, कुठूनच हाताला लागेना.

४

धुळाच्या घरच्यांचा तळ नानासो नावाच्या शेतकऱ्याच्या रिकाम्या रानात पडला होता. ही आटपाडीकडची मंडळी. पावसाळा सरला की कळप घेऊन नदीकाठच्या मुलखात येतात, शेतात मेंढरं बसवतात, शेतकऱ्याला खत मिळतं आणि यांना दाणे. धुळाचा थोरला भाऊ बिराप्पा रात्री मेंढरं कोंडायच्या वाघराच्या जाळ्याला गाठी मारत बसला होता. धुळाची बायको हरणाबाई जात्यावर होती. मी आल्यावर तिनं जातं थांबवलं, पण उठली नाही.

मी उलटी बंडी पुढं टाकली. "ही अशी का?"

बिराप्पानं हरणाबाईकडं बघितलं, तिनं जात्याकडं.

"बिराप्पा, शुक्रवारी तुझ्या भावाला सडकेनं एकट्याला कुणी धाडलं?"

"मीच."

"का?"

"रानानं धाडलं की हरवतोय म्हणून," बिराप्पा म्हणाला आणि जाळं बाजूला टाकलं. "आता लपवून काय उपेग. जमादार, माझ्या भावाला चकवा लागलाय."

मला हसूही आलं आणि रागही. चकवा म्हणजे आपल्याकडं पोरंसोरंही जाणतात. माणूस ओळखीच्या रानात फिरत राहतो, वाट सापडत नाही, भलतीकडं जातो. पण तो फाइलीत कसा लिहायचा? आरोपी चकवा, राहणार शिवारात?

"आमच्यात कळपाचा म्होरक्या धुळा," बिराप्पा सांगायला लागला. "डोळं झाकून सांगायचा, गळ्यात घाटी वाजणारा मेंढा कुठं हाय. कोकरू खड्ड्यात पडलं तर नुसत्या आवाजावर सरळ तिथं. आन आता? कोकरू वरडतंय खाली वड्याच्या वगळीत, ह्यो धावतोय माळावर. हाक मारली पाठीमागनं, तर बघतोय तिसरीकडं. माणसं हसाय लागली. वरीस व्हत आलं."

"आणि बंडी?"

"चकवा लागला की कापडं उलटी घालायची, म्हंजे वाट सापडती," हरणाबाई पहिल्यांदाच बोलली. "रोज सकाळी मीच घालाय लावत हुते. त्यांना लाज वाटायची. वरनं घोंगडं पांघरून जायचे."

एवढ्या मोठ्या माणसाला रोज सकाळी उलटी बंडी घालून लाजत रानात जावं लागत होतं, हे ऐकून मला वाईट वाटलं. पण बिराप्पावरचा संशय काही जाईना. भाऊ बाद झाला की कळपाचा म्होरक्या कोण? हाच.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"गेल्या शिमग्यापास्नं," हरणाबाई म्हणाली. "वाड्यावर सगळ्या पोरांस्नी गालफुगी झाली हुती. ह्यास्नी बी झाली. मोठ्या बाप्याला गालफुगी, समदे हसले. गाल असा टम्म. लेप लावला, उतरला. पर दोन रोज उलट्या आन चक्कर, उठून बसता ईना. त्यातनं उठले ते असेच उठले. मी म्हटलं, आजारपणात देवाचं काय राहून गेलं आसंल, बिरोबा कोपला."

मी वहीत लिहिलं: गालफुगी, चक्कर, चकवा. तीन शब्द एकाखाली एक लिहिले आणि त्यांच्याकडं बघत बसलो. काही म्हणजे काही उलगडलं नाही. तळावरनं निघालो तेव्हा उद्या रविवार होता, आणि माझ्याकडं नाथाजीला सोडवायला एक उलटी बंडी होती.

५

रविवारी सकाळी सायकल काढली आणि फौजदारांना सांगायला निघालो की साहेब, मला काही कळत नाही, पाठवा कागद. कानात ठणका, डोक्यात गोंधळ. मावशींच्या बोळ्याला आता लसणीचा वास मारत होता.

रस्त्याच्या डाव्या अंगाला कारखान्याच्या मजुरांची खोपटं होती. तेवढ्यात हॉर्न वाजला. मोठा, एसटीचा. मी डावीकडं बघितलं. खोपटांमधून गाडी येतेय असंच वाटलं मला. गाडी दिसेना, पण आवाज तर डावीकडूनच येत होता, कानाशी. घाबरून मी सायकल उजवीकडं ओढली.

माझ्या उजव्या कोपराला एसटीचा पत्रा घासून गेला. मी सायकलसकट खाली आलो. गाडी पुढं जाऊन थांबली आणि ड्रायव्हर खाली उडी मारून आला.

"आवं जमादार, मरायचंय का? येवढा हॉर्न दिला! ऐकलासा, मान बी वळवलीसा, आन माझ्याच म्होरं आलासा?"

हेच वाक्य. अगदी हेच वाक्य मी शुक्रवारी ऐकलं होतं.

मी रस्त्यात बसल्याबसल्या कानातला बोळा उपटला. मावशींची आज्ञा गेली चुलीत. ड्रायव्हरला म्हटलं, "दादा, माझ्या पाठीमागं जा आणि परत एकदा हॉर्न मार."

"काय?"

"मार की रं गड्या. आणि मग मला सांगलीला घेऊन चल."

६

दवाखान्यात पोचताच ठाण्याला फोन लावून मी हरणाबाईला, बिराप्पाला आणि फौजदारांना बोलावून घेतलं. बेडी घातलेला नाथाजी दाराशी उभा होता. राउंडला आलेले डॉक्टरही थांबले. तळावरनं बिराप्पानं मेंढ्याच्या गळ्यातली घाटी आणली होती, मी सांगितलं म्हणून.

"धुळाबा, डोळे मीट. मी घाटी वाजवीन. कुठं वाजली तिकडं बोट दाखव."

तो हसला. वर्षापूर्वी हा त्याच्या डाव्या हाताचा खेळ होता.

मी डावीकडं वाजवली. बोट डावीकडं. पायाशी वाजवली. बोट डावीकडं. डोक्याच्या मागं वाजवली, डावीकडं. मग भिंतीकडच्या फटीत शिरलो आणि त्याच्या उजव्या खांद्याजवळ हातभर अंतरावर वाजवली. धुळानं ठामपणे डावीकडं बोट दाखवलं, आणि डोळे उघडले. घाटी कुठं आहे ते त्यानं बघितलं. त्याचं बोट तसंच राहिलं.

"याला चकवा नाही लागलेला," मी म्हणालो. "याचा उजवा कान गेलाय. गालफुगीनं नेला."

डॉक्टरांनी तपासलं आणि मान हलवली. गालफुगीत क्वचित एक कान कायमचा जातो, म्हणाले, दुसरा शाबूत असतो म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही. आवाज कुठून आला हे दोन्ही कान मिळून ठरवतात. एकच उरला तर सगळे आवाज त्याच बाजूचे वाटतात.

"म्हणूनच तू उशी पायथ्याशी घेतलीस," मी धुळाला म्हटलं. "कारण नाहीतर चांगला कान भिंतीकडं जात होता. पहिल्या दिवशी मी फटीतून हाक मारली तर तू दाराकडं बघितलंस. शुक्रवारीही तसंच झालं. हॉर्न मागून वाजला, तुला डावीकडून ऐकू आला. डावीकडं उसाची वाट. तुझ्या मनानं तिथं ट्रक उभा केला. त्याला वाट द्यायला तू उजवीकडं सरकलास, आणि खरा ट्रक तिथंच होता. म्हणून उजवा पाय मोडला. तू खोटं बोलला नाहीस आणि नाथाजीही बोलला नाही."

फौजदारांनी घसा साफ केला. "मग याला ऐकू येत नाही हे यानं आधी सांगायचं नाही का?"

धुळानं उजव्या कानाला हात लावला. "कानात घूं घूं व्हायचं, साहेब. दडा बसलाय म्हटलं, निघंल. बिराप्पाला सांगितलं आसतं तर त्यानं कळप काढून घेतला आसता. घाटी न वळखणारा म्होरक्या कशाला ठेवतंय कोण?" मग त्यानं माझ्याकडं बघितलं. "म्हंजे बिरोबा कोपला न्हवता?"

"नाही बाबा."

"आन मी येडा बी झालो न्हवतो?"

हरणाबाईनं पदर तोंडाला लावला. "मी रोज बंडी उलटी घालाय लावली," ती एवढंच म्हणाली. बिराप्पा खिडकीबाहेर बघत होता. मी त्याच्यावर संशय घेतला होता याची मला लाज वाटली.

नवा जबाब लिहिला. अंगठा उठवला की सगळ्या धनगरवाड्यात कळणार होतं की धुळाचा कान गेला. शाईचा डबा बघून तो क्षणभर थांबला. मग दाराशी उभ्या नाथाजीला म्हणाला, "गड्या, मंगळवारी मेंढरं तुज्या भावाच्या उसात गेली ती बी ह्याच पायी. घाटी भलतीकडं ऐकू आली." आणि त्यानं अंगठा उठवला.

बेडी निघाली. नाथाजी मनगट चोळत कॉटजवळ आला. मला वाटलं आता हा सुटकेचा श्वास टाकणार. पण त्याचा चेहरा उतरला होता.

"जमादार, शेतातल्या साळूबाईचा जबाब फौजदार सायबांनी मला ऐकवला, त्यो खरा हाय," तो म्हणाला. "मी येळंत थांबलो न्हाई. त्यानं मान वळवली आन मी म्हटलं, ऐकलं, आता व्हईल बाजूला. पाय बिरेकवर गेलाच न्हाई. पंधरा वर्सं मी असंच समजत आलो. हॉर्न दिला की माझं काम झालं."

मी त्याला म्हटलं, "मीही तसंच समजत होतो, बोळा घालेपर्यंत."

७

मे महिन्यात मी रिटायर झालो. ट्रंक आणि वळकटी घेऊन साताऱ्याच्या एसटीत बसलो, ड्रायव्हरच्या मागच्या बाकड्यावर. गाव सोडून दोन मैल गेलो असू, तोच पुढं मेंढरं दिसली. घाटीवाल्या मेंढ्याजवळ बिराप्पा होता. सगळ्यात मागं, काठी टेकत, लंगडत धुळा चालला होता. बंडी सुलटी होती. त्याच्या उजव्या अंगाला, रस्त्याच्या बाजूनं, हरणाबाई चालत होती.

समोरून एक रिकामा ट्रक आला. कळपापाशी आल्यावर त्याचं इंजिन बंद झालं. नाथाजी खाली उतरला, सावकाश चालत जाऊन धुळाच्या डाव्या बाजूला उभा राहिला आणि हातवारे करून काहीतरी बोलू लागला. हरणाबाई हसली. पुढची मेंढरं वळवायला ती दहा पावलं पुढं गेली.

आमच्या ड्रायव्हरला उशीर झाला होता. त्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही, आणि गाडी तशीच पुढं घेतली. धुळानं मान वळवली. डावीकडं, नाथाजीच्या खांद्यावरून पलीकडं, रिकाम्या शेताकडं. आणि एक पाऊल उजवीकडं टाकलं.

मी उठून ड्रायव्हरचा खांदा धरला. "थांबवा गाडी."

"आवं ऐकतोय की त्यो," ड्रायव्हर म्हणाला. "मान वळवली बघा."

"ऐकतोय. म्हणूनच म्हणतो, थांबवा."

गाडी कचकन थांबली. बाकड्याखाली ठेवलेली माझी ट्रंक घसरत पुढं आली. नाथाजीनं तोवर धुळाचा दंड धरून त्याला आपल्याकडं ओढलं होतं आणि त्याची हनुवटी हातानं एसटीकडं वळवून दाखवली होती. धुळानं गाडी बघितली. हात वर केला. मग मेंढरं रस्त्यावरून उतरेपर्यंत आम्ही सगळे पाच मिनिटं तिथं थांबलो.